गॅरेजची प्रश्नपेटी : कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्ट बसवताना

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीपर्यंत) नेणारी फिरती नळी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला बाहेरून घेतलेला कार्बनचा शाफ्ट बसवणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा संशय थेट नळीवर आहे. आमचा अनुभव उलटा सांगतो. नळी सहसा ठीक असते. घोळ तिच्या दोन टोकांना असतो आणि तो मोजल्याशिवाय सापडत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत दोन तुकड्यांचा स्टीलचा शाफ्ट आहे, मध्ये सेंटर बेअरिंग. कार्बनचा एकसंध शाफ्ट चालणार असेल तर कंपनीने मुळात दोन तुकडे का केले?

लांब नळी जोरात फिरली की उड्या मारायच्या दोरीसारखी मधोमध बाहेर फुगू पाहते. ज्या वेगाला हे फुगणं आवरेनासं होतं, तो तिचा क्रिटिकल स्पीड. नळीची लांबी दुप्पट केली तर तो चौथाईवर येतो. व्यास वाढवला तर त्याच प्रमाणात वाढतो. बाकीचं सगळं माल किती ताठ आणि किती हलका यावर.

८० मिमी व्यासाची, दीड मीटर लांबीची स्टीलची नळी धरा. हिशोबाने तिचा क्रिटिकल स्पीड मिनिटाला साधारण ६,००० फेरे येतो. हा कागदावरचा आकडा. सांधे आणि बेअरिंगं थोडी लवतात, म्हणून त्याच्या तीन चतुर्थांशापलीकडे जाऊ नये, म्हणजे ४,५०० फेरे. आता गाडीची बाजू पाहा. चाक एका फेरीत २ मीटर जात असेल आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३ असेल (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.७३), तर ताशी १८० किमीला शाफ्ट ५,६०० फेरे फिरतो. स्टीलची एकसंध नळी तिथे बसतच नाही. म्हणून कंपनी तिचे दोन तुकडे करते.

कार्बनची ९५ मिमी व्यासाची तेवढीच लांब नळी, तंतू बऱ्यापैकी लांबीच्या दिशेने असतील तर, हिशोबाने ११,००० च्या वर जाते. तीन चतुर्थांश धरूनही ८,००० च्या वर. निसानच्या ३५०झेडमध्ये कंपनीनेच एकसंध कार्बन शाफ्ट दिला होता, तो याच हिशोबावर.

तंतूंची दिशा मात्र विक्रेत्याला विचारा. पीळ सोसायला तंतू ४५ अंशांत तिरके लागतात, वाकणं रोखायला लांबीच्या दिशेने. फक्त पिळाची ताकद सांगून विकलेली नळी क्रिटिकल स्पीडला कमी पडू शकते. तुमच्या लांबीला क्रिटिकल स्पीड किती, हा आकडा लेखी मिळत नसेल तर तो शाफ्ट घेऊ नका.

प्रश्न : ऑर्डर देताना लांबी नेमकी कुठून कुठे मोजायची? जुन्या शाफ्टचंच माप दिलं तर?

जुन्याचं माप देऊ नका. सेंटर बेअरिंग असताना शाफ्ट मध्ये मोडून, दोन वेगळ्या उतारांवर चालत होता. नवा सरळ रेषेत जाणार, त्यामुळे लांबी थोडी वेगळी निघते. शिवाय गाडी खाली बसवलेली असेल किंवा गिअरबॉक्सचे माउंट बदललेले असतील, तर कंपनीचं मापही तुमच्या गाडीचं राहिलेलं नसतं.

गाडी चाकांवर उभी हवी. रॅम्पवर किंवा चाकं टेकलेल्या लिफ्टवर. चाकं लोंबत असताना घेतलेलं माप फुकट. डिफरन्शियलच्या बाजूला पक्का एक्सल असेल तर फरक दोन-तीन सेंटिमीटरचाही पडतो. टाकी साधारण अर्धी भरलेली आणि डिकीत नेहमीचं ओझं असू द्या.

गिअरबॉक्समध्ये स्लिप योक (शाफ्टच्या टोकाचा, आत-बाहेर सरकणारा दोन कानांचा तुकडा) सरकत असेल, तर ऑइल सीलच्या तोंडापासून पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या) योकमधल्या क्रॉसच्या (दोन योक जोडणाऱ्या, अधिकच्या चिन्हासारख्या सांध्याच्या) मध्यापर्यंत मोजा. मग योक हाताने पूर्ण आत ढकला आणि सीलच्या कडेला खूण करा. चालत्या उंचीला योक त्या खुणेपासून २० ते २५ मिमी बाहेर राहिला पाहिजे. याहून आत असेल तर मोठ्या खड्ड्यात तो तळाला ठोकर मारतो आणि तो धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि नळीच्या चिकटवलेल्या सांध्यावर जातो. याहून फार बाहेर असेल तर स्प्लाइन (योकच्या आतले लांबट दाते) कमी गुंततात, योक डुलतो आणि त्यातून थरथर येते, जिचं कारण लोक महिनोन्‌महिने बॅलन्समध्ये शोधतात.

दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टांनी जोडायची चकती) असेल तर फ्लँजच्या तोंडापासून तोंडापर्यंत मोजा. चारही बाजूंनी एकेकदा मोजा, म्हणजे टेप तिरका लागलाय का ते कळतं. सीव्ही जॉइंट (क्रॉसऐवजी गोळ्यांचा, लांबीतही थोडा सरकणारा सांधा) असलेला शाफ्ट पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून दोन मापं घ्या. बसवलेली लांबी त्यांच्या मध्याजवळ यायला हवी. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत डिफरन्शियल जवळपास हलत नाही, तिथे चार-पाच मिमीची चूकही मोठी.

जागाही आत्ताच पाहा. नळी जाड झाली आहे. गुंडाळलेला पुठ्ठा किंवा त्याच व्यासाचा पाइप टनेलमध्ये धरून फिरवा. हँडब्रेकची केबल, एक्झॉस्टचा हीट शील्ड, ब्रेकची नळी या तीन जागा हमखास आड येतात. एक्सल पूर्ण वर आल्यावरही चहूबाजूंनी १५ मिमी तरी मोकळं हवं. ही जागेची अडचण मोठ्या कंपन्यांनाही सुटलेली नाही. बीएमडब्ल्यूने २०१४ च्या एम३ आणि एम४ मध्ये एकसंध कार्बन शाफ्ट दिला आणि नंतर २०१७ च्या शेवटी पेट्रोलच्या पार्टिक्युलेट फिल्टरला (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या गाळणीला) जागा करायला तो काढून स्टीलचा बसवला.

प्रश्न : शाफ्टसोबत आलेला अडॅप्टर पिनियनच्या फ्लँजवर बसतो, बोल्टही लागतात, पण हाताने थोडा इकडेतिकडे सरकतो. बोल्ट आवळल्यावर हलत नाही. चालेल का?

नाही चालणार. तो सरकतोय म्हणजे त्याला मध्यावर धरून ठेवणारं काही नाही.

कंपनीच्या फ्लँजवर मध्ये एक उंचवटा किंवा खोलगट वर्तुळ असतं. शाफ्ट मध्यावर बसतो तो त्याच्यामुळे. बोल्टांचं काम फक्त आवळून धरण्याचं. १० मिमीचा बोल्ट साडेदहाच्या भोकात असेल तर अडॅप्टर पाव मिमीपर्यंत मध्य सोडून बसू शकतो. शाफ्ट ६ किलोचा असेल तर मागच्या टोकाच्या वाट्याला ३ किलो. ३,००० ग्रॅम गुणिले पाव मिमी म्हणजे ७५० ग्रॅम-मिमीचा असमतोल. कारखान्यात कितीही बारीक बॅलन्स केला असला तरी या एका चुकीत तो वाया जातो.

व्हर्निअरने फ्लँजचं मधलं वर्तुळ मोजा आणि अडॅप्टरचं मोजा. दोन्हींत ०.०५ मिमीच्या आसपास फरक हवा, बोटाने दाबल्यावर घट्टसर बसेल इतका. जास्त असेल तर लेथवर मधली रिंग करून घ्या किंवा अडॅप्टर परत करा. पातळ पत्रा गुंडाळून जागा भरणं हा इलाज नाही.

बसवण्याआधी फ्लँजचा गंज, रंग आणि जुना बोल्ट-गोंद तारेच्या ब्रशने काढा. कडेला राहिलेला रंगाचा एक पापुद्रा फ्लँज तिरका करायला पुरतो. डायल गेज लावून फ्लँजचं तोंड फिरवून पाहा, सुई ०.१ मिमीहून जास्त हलली तर दोष फ्लँजचा आहे, नवा शाफ्ट तो झाकणार नाही. बोल्ट नवे घ्या, मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर लावा, आणि समोरासमोरच्या जोड्या घेत तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळा. आकडा शाफ्टच्या कागदावरचा किंवा गाडीच्या मॅन्युअलमधला.

क्रॉसचे कप पट्टीने धरलेले असतील तर उलटी सावधगिरी लागते. त्या बारीक बोल्टांना साधारण २० न्यूटन मीटरच लागतो. जोर काढून आवळले की कप चेपतो आणि क्रॉस जड फिरतो. नवा शाफ्ट हातात धरून सांधा चारही दिशांना हलवा. एका दिशेला अडखळत असेल तर कप चेपलाय किंवा कपातली एखादी सुई आडवी पडलीय. सुई आडवी असेल तर कप धरून ठेवणारा लॉक त्याच्या खाचेत पूर्ण बसत नाही, ही तिची खूण. स्टीलच्या शाफ्टला हातोडीचे दोन टोले देऊन काम भागतं. इथे क्रॉस प्रेसनेच काढा-घाला, योकचे कान आधाराला ठेवून, नळीवर कसलाही भार न देता. आणि नळी व्हाइसमध्ये धरू नका, कापड गुंडाळूनसुद्धा नाही.

प्रश्न : बसवल्यापासून ताशी ९५ ते ११० ला घुमघुम आणि थरथर आहे. दोनदा बॅलन्स करून आणला, फरक नाही. आता काय करू?

तिसऱ्यांदा बॅलन्सला नेऊ नका. आधी कोण थरथरतंय ते ठरवा.

पहिली चाचणी रस्त्यावरची. ज्या वेगाला थरथर येते तिथे गिअर बदला, वेग तोच ठेवा. थरथर गेली किंवा बदलली तर ती इंजिनाची. राहिली तर रस्त्याच्या वेगाशी बांधलेली, म्हणजे शाफ्ट किंवा चाकं. मग त्याच वेगाला गाडी न्यूट्रल करून वाहू द्या. जोर काढल्यावर ती विरत असेल तर सांध्यांच्या कोनावर जास्त संशय घ्या. तशीच राहत असेल तर असमतोल किंवा रनआउट (फिरताना मध्य सोडून डुलणं).

दुसरी चाचणी हिशोबाची. वरच्याच उदाहरणातलं २ मीटरचं चाक आणि ३.७३ चं डिफरन्शियल घ्या. ताशी १०० ला चाक सेकंदाला १३.९ फेरे फिरतं आणि शाफ्ट ५१.८. म्हणजे १४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४ हेलकाव्यांच्या) आसपासची थरथर चाकाची, ५२ ची शाफ्टच्या असमतोलाची किंवा मध्य सोडून बसण्याची, आणि १०४ ची, शाफ्टच्या दुप्पट, क्रॉसच्या कोनाची. क्रॉस एका फेरीत दोनदा पुढेमागे होतो म्हणून दुप्पट. चाकाची थरथर स्टीअरिंगला किंवा सीटला हलवते, डोळ्यांना दिसते. ५२ ची अंगात घुमते, आरसा धूसर करते. १०४ ची ऐकूच जास्त येते.

फोनवरचं व्हायब्रेशन अ‍ॅप यासाठी कामाचं आहे, पण फोन सीटच्या रुळाला किंवा कडक जागी घट्ट बांधा, कुशनवर नको. आणखी एक खुबी : अ‍ॅप सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं ते चुकीच्या जागी दाखवतं. १०४ ची थरथर त्यात ४ ला दिसेल आणि तुम्ही टायर बदलत बसाल. नमुने कमी असतील तर चाचणी ताशी ८० ला करा. तिथे शाफ्ट ४१ च्या आसपास येतो. थरथर तिथेही ओळखू येण्याइतकी हवी, एवढीच अट.

५२ निघाली तर क्रम असा. शाफ्ट बसलाय त्या जागी चुन्याने किंवा पेनने खूण करा. बोल्ट काढा, फ्लँजवर शाफ्ट १८० अंश फिरवून पुन्हा लावा आणि पाहा. फ्लँजचा असमतोल आणि शाफ्टचा असमतोल एकाच बाजूला आले असतील तर आता एकमेकांना खातील. सहा बोल्टांच्या फ्लँजवर ६० अंशांच्या पायऱ्या मिळतात, त्यांतल्या तीन तरी करून पाहा. जागा बदलल्यावर थरथर कमी-जास्त होते पण जात नाही, असं असेल तर वॉशर लावा : पिनियनच्या बाजूच्या एका नटाखाली ५ ग्रॅमचा वॉशर, रस्त्यावर एक फेरी, पुढच्या नटाखाली तोच वॉशर, पुन्हा फेरी. सगळ्या जागांचे आकडे लिहून ठेवा. ५ ग्रॅम अगदीच किरकोळ वाटतात, पण मध्यापासून ४५ मिमीवर, ५२ हर्ट्झला, तो वॉशर २४ न्यूटनने बाहेर ओढतो. जवळजवळ अडीच किलोचं ओझं सेकंदाला ५२ वेळा दिशा बदलत लटकवल्यासारखं.

दोनदा बॅलन्स करून फरक पडला नाही यातच अर्धं उत्तर आहे. बॅलन्सिंगच्या मशीनवर शाफ्ट मशीनच्या फ्लँजवर बसतो, तुमच्या नाही. तुमचा पिनियन फ्लँज बाकदार असेल किंवा अडॅप्टर सरकत असेल तर मशीनला ते दिसणारच नाही. आणि स्टीलच्या नळीसारखं इथे वजन वेल्ड करता येत नाही. कुणी होज क्लॅम्प आवळून नळीवर वजन फिरवायचा सल्ला दिला तर ऐकू नका, क्लॅम्पची धार वरच्या तंतूंना काचते.

लिफ्टवर चाकं काढून गाडी गिअरमध्ये फिरवून पाहण्याची पद्धत आहे. पक्क्या एक्सलच्या गाडीत एक्सलखाली स्टँड लावून तो चालत्या उंचीला आणा, नाहीतर लोंबत्या एक्सलमुळे कोन बिघडतो आणि जी थरथर रस्त्यावर नाही ती लिफ्टवर दिसते. ब्रेकच्या डिस्क नट लावून धरा. फिरत्या शाफ्टच्या खाली किंवा रेषेत कुणीही उभं राहायचं नाही.

प्रश्न : पाट्यांची गाडी दोन इंच खाली बसवली आहे. मोजणीत दुप्पट वारंवारतेची थरथर निघाली. कोन कसे जुळवायचे?

लागतं फक्त एक डिजिटल अँगल गेज, ०.१ अंशापर्यंत वाचणारा. गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर. तीन उतार घ्या : गिअरबॉक्सचा (मागच्या योकच्या तोंडावर, नाहीतर इंजिनाच्या मशीन केलेल्या सपाट जागेवर), शाफ्टचा आणि पिनियनचा. प्रत्येक ठिकाणी मागचं टोक खाली की वर, हे आकड्याच्या शेजारी लिहा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

समजा गिअरबॉक्स ४.२, शाफ्ट १.६, पिनियन २.१, तिन्ही मागे खाली. पुढच्या क्रॉसचा कोन ४.२ वजा १.६, म्हणजे २.६. मागचा २.१ वजा १.६, म्हणजे ०.५. दोन्ही सारखे असायला हवेत, फार तर अर्ध्या-एका अंशाचा फरक. इथे २.१ चा आहे. पुढच्या क्रॉसने केलेली वेगाची खालीवर मागचा खोडतच नाही.

पहिला मोह गिअरबॉक्सचं शेपूट उचलायचा. १० मिमीची पट्टी घातली तर, इंजिन माउंटपासून गिअरबॉक्स माउंट ८० सेंटिमीटरवर असताना, गिअरबॉक्सचा उतार ०.७ ने घटून ३.५ होतो. शाफ्टचं पुढचं टोक वर गेल्याने त्याचा उतार २.० होतो. पुढचा कोन १.५, चांगला. मागचा ०.१, आणि हा वाईट. इतक्या सरळ रेषेत क्रॉसच्या सुया जागच्या जागी राहतात, कपात खड्डे पाडतात. निदान अर्धा अंश तरी हवा.

म्हणून पाट्याखाली दीड अंशाची पाचर घालून पिनियनचं नाक उचला. पिनियन ३.६ होतो, आणि नाक वर आल्याने शाफ्टचं मागचं टोकही वर येतं, उतार १.७ च्या आसपास. पुढे १.८, मागे १.९. जुळलं. पाचर घातल्यावर पुन्हा सगळं मोजायचं ते या दुसऱ्या बदलासाठी.

एक गोष्ट पाट्यांच्या गाडीची. जोर दिला की पिनियनचं नाक स्वतःहून वर उचललं जातं. गाडी जोरात चालवली जाते आणि थरथर फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच येते, तर पिनियन अर्धा-एक अंश मुद्दाम खाली ठेवा. कॉइल स्प्रिंग आणि चांगल्या आर्मच्या गाडीत हे कमी, स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये जवळजवळ नाही.

कोन किती मोठा चालेल? ३,००० फेऱ्यांना पावणेसहा अंशांपर्यंत, ५,००० ला सव्वातीनच्या आत. पण ही वरची मर्यादा झाली. एक ते तीनच्या मध्ये ठेवा. वेगातली खालीवर कोनाच्या वर्गाने वाढते, ३ अंशांना ०.१४ टक्के तर ६ अंशांना ०.५५.

प्रश्न : थरथर नाही, पण पूर्वी कधी ऐकू न आलेलं डिफरन्शियलचं रडणं आता स्पष्ट येतं. शाफ्ट सदोष आहे का?

नाही. जुन्या शाफ्टला रबराची कपलिंग किंवा सेंटर बेअरिंगचं रबर होतं, ते हा आवाज गिळत होतं. आता ते नाही. आवाज आधीही होता. डिफरन्शियलचं तेल आणि बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळीक) एकदा तपासून घ्या. दोन्ही ठीक असतील तर त्या आवाजासोबत राहायचं किंवा टोकाला रबराची कपलिंग असलेला शाफ्ट घ्यायचा, इतकंच हातात आहे.

प्रश्न : खालून दगड लागून नळीवर ओरखडा पडला आहे. रंग लावून चालवू का? आणि एक्झॉस्टपासून नळी किती लांब हवी?

ओरखडा फक्त वरच्या रेझिनमध्ये असेल, नखाला तंतू लागत नसतील, तर दोन थर पारदर्शक इपॉक्सीचे लावून ओल आत जाणार नाही इतकं करा. तंतू तुटलेले दिसत असतील, सुटे केस बाहेर आले असतील, तर शाफ्ट बदला. मधली शंका असेल तर नाण्याने ठकठक करत नळीभर फिरा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, आत थर सुटले असतील तिथे बोदा. दगडाचा मार वर दिसतो त्याहून आत जास्त पसरलेला असतो, म्हणून डागाच्या भोवती चार बोटं तरी वाजवून पाहा. नळी आणि योक चिकटवले आहेत त्या कडेलाही भेग किंवा पांढरी रेषा शोधा. अ‍ॅल्युमिनियमच्या योकला कार्बन थेट टेकत असेल तर ओल शिरल्यावर तिथे गंज धरतो. चांगल्या शाफ्टमध्ये मध्ये काचतंतूंचा थर असतो.

उष्णतेचा प्रश्न त्या चिकट सांध्याचाच आहे. बहुतेक इपॉक्सी शंभर ते दीडशे अंश सेल्सियसच्या पट्ट्यात नरम पडायला लागतात, आणि एक्झॉस्टचा पाइप कित्येकशे अंशांवर असतो. २५ मिमी मोकळं आणि मध्ये पत्र्याचा हीट शील्ड, दोन्ही हवं. पाइपाचा जोड योकच्या अगदी समोर येत असेल तर गॅस गळतीची झळ थेट सांध्यावर बसते, तिथला गॅस्केट आधी बदला.

पुढच्या क्रॉसपासून १५० मिमीच्या आत सेफ्टी लूप लावा. कार्बनची नळी तुटली की झाडूसारखी पिंजते, स्टीलसारखी जमिनीत रुतत नाही, हे खरं. पण तुटतो तो बहुधा क्रॉस, आणि मग सुटलेलं टोक योकसकट खाली येतं. पहिल्या २०० किमीनंतर फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासा आणि प्रत्येकावर पेनची रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी नजर टाकताच कळेल कोणता हलला.